प्रसूती कक्षात पहिलीच नेमणूक : अनुभवी परिचारिकांचे मार्गदर्शन हवे आहे

अबोली यांचा प्रश्न

नमस्कार. मी जीएनएम ही परिचर्येची पदविका पूर्ण करून गेली दोन वर्षे एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून माझी एका उपजिल्हा रुग्णालयात कंत्राटी पदावर निवड झाली असून पुढच्या महिन्यात मला तेथील प्रसूती कक्षात रुजू व्हायचे आहे. परिचर्या परिषदेच्या नोंदणीत माझ्या नावापुढे परिचारिकेबरोबर प्रसाविका, म्हणजे बाळंतपण करणारी, असेही लिहिलेले आहे. मात्र प्रत्यक्ष बाळंतपणे मी केवळ विद्यार्थिदशेत केली, आणि तीही पाठीशी सिस्टर उभ्या असताना. त्यामुळे त्या एका शब्दाचे मला सध्या फार ओझे वाटते.

माझ्या मनात तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, अतिदक्षता विभागात रुग्णाचे काही बिनसले की मॉनिटर वाजतो आणि आम्ही धावतो. प्रसूती कक्षातील बाई मात्र धडधाकट असते, चालती-बोलती असते, आणि तरीही तिचे आणि बाळाचे काही मिनिटांत बिघडू शकते. ते माझ्या लक्षातच आले नाही तर काय, ही भीती मला झोपू देत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसे पुढे सरकते आहे याच्या नोंदींचा तक्ता. शिकताना मी जिथे जिथे गेले तिथे तो बाळंतपण उरकल्यावर, चहा पिता पिता, एका दमात भरला जाताना पाहिला. तो वेळच्या वेळी भरणे खरोखर शक्य असते का? तिसरी गोष्ट लिहायला मला संकोच वाटतो. विद्यार्थिनी असताना एका लेबर रूममध्ये कळा देणाऱ्या बाईच्या मांडीवर चापट मारलेली मी पाहिली, आणि ‘असे केल्याशिवाय त्या जोर लावत नाहीत’ असे मला समजावण्यात आले. मी तेव्हा गप्प राहिले. कामाच्या रेट्यात मीही तशीच होईन का, असा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते.

ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

जुनी परिसेविका यांचे उत्तर

अबोली, तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची असावीस, म्हणून एकेरीत लिहिते. मी शासकीय सेवेत ३३ वर्षे काढली आणि त्यातली १९ प्रसूती कक्षात, आधी अधिपरिचारिका आणि नंतर परिसेविका, म्हणजे विभागातील परिचारिकांची प्रमुख, म्हणून.

तुझी पहिली भीती अगदी रास्त आहे आणि ती कधी पूर्ण जाऊ देऊ नकोस. आलेली बाई आजारी नसते. ती जिना चढून येते, घरचा चहा पिते, कळ आली की खाटेचा दांडा घट्ट धरते आणि कळ ओसरली की शेजारच्या बाईशी पुन्हा बोलू लागते. तिचे बिघडायला लागते तेव्हा सुरुवात फार बारीक असते. नाडी ८४ वरून १०४ वर गेलेली असते, कळ संपल्यावरही बाळाचे ठोके थोडा वेळ मंदच राहतात, पाणमोट फुटल्यावर गेलेल्या पाण्याला हिरवट झाक असते. यातले काहीही आवाज करत नाही. म्हणून लेबर रूममधल्या सिस्टरचे मुख्य काम पाहणे आणि पाहिलेले त्याच वेळी लिहिणे हे आहे. बाळ बाहेर येते त्या दहा मिनिटांना सगळे बाळंतपण म्हणतात, पण खरे बाळंतपण त्याआधीच्या दहा-बारा तासांत आणि त्यानंतरच्या दोन तासांत होत असते.

पार्टोग्राफबद्दल तू विचारलेस. त्याचे उत्तर मी माझ्याच चुकीवरून देते. मी सेवेच्या तिसऱ्या वर्षात होते. रात्रपाळी होती, तिन्ही टेबले भरलेली होती आणि कक्षात मी व एक मावशी अशा दोघीच होतो. कोपऱ्यातल्या टेबलावर एक पहिलटकरीण होती. तिच्या बाळाचे ठोके मी दोन वाजता ऐकले, तेव्हा ते १४० होते. त्यानंतर शेजारच्या बाळंतिणीची वार अडकली, डॉक्टरांना बोलावणे, सलाईन लावणे, रक्तासाठी चिठ्ठी पाठवणे यात तासभर गेला. तीन वाजता मी कागद पुढे ओढला, अडीचचा रकाना रिकामा दिसला, आणि न ऐकताच त्यात १४२ लिहून टाकले. सव्वातीनला प्रत्यक्ष ऐकले तेव्हा ठोके ९० होते. डॉक्टर धावत आले, त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, ‘‘अडीचला ठीक होते ना?’’ मी ‘‘हो’’ म्हणाले. सिझेरियन झाले, बाळ रडले नाही, बॅग-मास्कने श्वास द्यावा लागला, आणि ते सहा दिवस नवजात कक्षात राहून घरी गेले. ते वाचले, म्हणून मी हे लिहू शकते आहे. माझ्या अक्षरातला तो १४२ मला आजही दिसतो.

त्या रात्रीनंतर मी एक नियम केला आणि पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक सिस्टरला तो शिकवला : ऐकले नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा. रिकामा रकाना पाहून पुढच्या माणसाला कळते की या बाईकडे मध्यंतरी कोणी पाहिलेले नाही, आणि तो आधी तिच्याकडे जातो. खोट्या आकड्यामुळे तो निर्धास्त होतो.

आता शक्य आहे का, हा तुझा प्रश्न. बाईच्या गर्भाशयाचे तोंड चार सेंटिमीटर उघडले आणि कळा नेमाने येऊ लागल्या की आपल्याकडचा नेहमीचा पार्टोग्राफ सुरू होतो. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली काढलेल्या नव्या तक्त्यात ही सुरुवात पाच सेंटिमीटरपासून धरली आहे. तुझ्या रुग्णालयात कोणता वापरतात ते पहिल्याच दिवशी विचारून घे, कारण दोन्हींचे हिशेब मिसळले की गोंधळ होतो.) दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, दहा मिनिटांतल्या कळा आणि आईची नाडी, आणि दर चार तासांनी आतून तपासणी व रक्तदाब. एका बाईमागे अर्ध्या तासात हे मोजायला आणि लिहायला बारा-पंधरा मिनिटे पुरतात. कागद ऑफिसात ठेवलास तर तो कधीच वेळेत भरला जाणार नाही. टेबलाच्या पायथ्याशी पॅडला लावून ठेव, पेन दोऱ्याने बांध, आणि मनगटावर सेकंदकाटा असलेले घड्याळ असू दे. ठोके कळ ओसरल्या ओसरल्या पूर्ण एक मिनिट मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाहीत, कारण जी घसरण आपल्याला पकडायची असते ती नेमकी उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत निसटते. ११० ते १६० यांच्या बाहेर गेले की बाईला डाव्या कुशीवर वळव, कळा वाढवायचे सलाईन चालू असेल तर ते आधी बंद कर, आणि डॉक्टरांना हाक मार.

आलेखावरच्या दोन तिरप्या रेषा म्हणजे या कागदाचा जीव आहे. पहिली इशाऱ्याची रेषा तासाला एक सेंटिमीटर या गतीने चढते. गर्भाशयाचे तोंड किती उघडले याची खूण तिच्या उजवीकडे सरकली की बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवायचे का, याचा विचार सुरू व्हायला हवा. दुसरी कृतीची रेषा तिच्या पुढे चार तासांवर असते. हे चार तास रुग्णवाहिका, रक्त, भूलतज्ज्ञ या सगळ्याची जुळवाजुळव करण्यासाठी दिलेले आहेत. मागाहून भरलेल्या कागदावर खूण कधीच रेषेच्या उजवीकडे जात नाही. त्यातच सारे आले.

तीन टेबले आणि एकच सिस्टर असेल तेव्हा हे सगळे जमणार नाही, हेही मी तुला सांगते. तेव्हा त्याची नोंद कर. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, आणि पाळीच्या रजिस्टरमध्ये ‘या वेळेत दोन बाळंतपणे चालू होती, तिसऱ्या बाईचे ठोके ऐकता आले नाहीत’ असे स्पष्ट लिही. मनुष्यबळ कमी आहे हे वरपर्यंत पोहोचण्याचा तोच एक मार्ग माझ्या अनुभवात टिकला.

सातपुड्यातून यांचे उत्तर

अबोलीताई, मी नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आठ वर्षांपासून आहे. परिसेविकाताईंनी प्रसूतीपूर्वीच्या तासांबद्दल लिहिले आहे, त्यामुळे मी बाळ झाल्यानंतरच्या दोन तासांबद्दल लिहितो. हो, मी ब्रदर आहे. ज्यांना पुरुष परिचारक नको असतो त्यांच्याजवळ मी जात नाही, आधी विचारतो, आणि बहुतेकींना त्या क्षणी जाणते माणूस हवे असते.

बाळ बाहेर आले की सगळ्यांचे डोळे बाळाकडे जातात. बाळ रडते, मावशी वजन करायला घेऊन जाते, दाराबाहेर नातेवाईक उठून उभे राहतात, आणि नेमक्या त्याच वेळी आईच्या गर्भाशयाला घट्ट व्हायचे असते. जन्मानंतर एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळणारे औषध, मांडीत द्यायचे, नाळ बाळाला किमान एक मिनिट पोसू द्यायची, मग वार अलगद काढायची आणि ती पूर्ण आली आहे का हे उजेडात धरून पाहायचे. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. त्यानंतर दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवायचा, हे मात्र सुटते. बेंबीच्या खाली क्रिकेटच्या चेंडूसारखे टणक लागले पाहिजे. सैल भिजवलेल्या कणकेसारखे लागले तर बाई कितीही हसून बोलत असली तरी तिथून हलायचे नाही.

मला एक बाई आठवते. चौथे बाळंतपण, पहाटेची वेळ, सगळे सुखरूप झाले होते. तासाभराने तिने मला हात केला आणि एवढेच म्हणाली, ‘‘भाऊ, पायाखाली ओले लागते.’’ पांघरूण उचलले तर वरची चादर कोरडी होती, आणि कमरेखाली, जिथे रबरी चादरीला खळगा पडला होता तिथे, रक्ताचे तळे साचले होते. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय हाताला लागेना. मी ओरडून मदत मागितली आणि मदत येईपर्यंत एका हाताने पोट चोळत राहिलो. दोन्ही हातांना जाड सुया लागल्या, एक लिटर सलाईनमध्ये २० युनिट ऑक्सिटोसिन सुरू झाले, कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे केले, कारण भरलेले मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही, आणि रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम शिरेतून सावकाश दिले. हे औषध प्रसूतीनंतर तीन तासांच्या आतच द्यायचे असते. वीस मिनिटांनी गर्भाशय हाताखाली आवळल्याचे जाणवले. तो स्पर्श मी शब्दांत नीट सांगू शकत नाही, मुठीत धरलेली ओली चिंधी कोणीतरी पिळावी तसा काहीसा होता. त्या बाईने ‘ओले लागते’ असे सांगितले म्हणून ती वाचली. माझी फेरी पाच मिनिटे उशिरा होती. तेव्हापासून मी पोट तर पाहतोच, पण दर वेळी कमरेखाली हातही घालतो.

आमच्याकडे अंतर हा आणखी एक आजार आहे. वरच्या पाड्यांवरून आजही बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात आणि तिथून पुढे १०८ रुग्णवाहिका मिळते. त्यासाठीच प्राथमिक आरोग्य केंद्रांवर माहेरघरे केली आहेत. दिवस भरत आलेली बाई तारखेच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहू शकते. पण घरी लहान मुले आणि जनावरे सोडून येणे प्रत्येकीला जमत नाही. त्यामुळे झटके येत असलेली बाई आमच्या दारात येते तेव्हा पुढे पाठवण्याआधी पहिला डोस इथेच द्यावा लागतो : झटके थांबवणारे मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, खोल. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी गुडघ्याखाली हलके ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ च्या वर आहे का आणि चार तासांत निदान १०० मिलिलिटर लघवी झाली आहे का, हे पाहायचे. मॅग्नेशियम जास्त झाल्यास उतारा असलेले कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन हाताशी असल्याशिवाय मी मॅग्नेशियमला हात लावत नाही. तुम्ही अतिदक्षता विभागातून येत आहात, त्यामुळे हे तुम्हाला आमच्यापेक्षा सोपे जाईल.

आणि भाषा. माझी पहिली दोन वर्षे आशाताई दुभाषी म्हणून उभी राहायची. मग तिच्याकडूनच पावरी या इथल्या बोलीतले ‘थांब’, ‘श्वास घे’, ‘झाले आता’ एवढे शब्द शिकून घेतले. ते तिच्या बोलीत ऐकल्यावर बाईच्या खांद्याचा ताठा उतरतो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

अबोली यांचा पुढचा प्रश्न

परिसेविकाताई, आपण १४२ ची गोष्ट लिहिलीत त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. सातपुड्याच्या दादांचे ‘कमरेखाली हात’ मी वहीत लिहून घेतले.

तिसऱ्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून पुन्हा विचारते. मारणे चूक आहे हे मला कळते. पण बाई जोर लावत नसेल, पाय मिटून घेत असेल आणि बाळाचे डोके तिथेच अडलेले असेल, तर न ओरडता नेमके करायचे काय? आणि ओरडणाऱ्या सिस्टर माझ्याहून वीस वर्षांनी ज्येष्ठ असतील, तर मी काय बोलू शकते?

दोन मुलांची आई यांचे उत्तर

मी परिचारिका नाही, रुग्ण म्हणून लिहिते. माझी दोन्ही बाळंतपणे सरकारी रुग्णालयात झाली. पहिल्या वेळी ‘तेव्हा बरे वाटले होते, आता कशाला रडतेस’ असे एका सिस्टरनी सगळ्यांसमोर म्हटले. या गोष्टीला अकरा वर्षे झाली. टाक्यांचे दुखणे मी विसरले, ते वाक्य विसरले नाही. त्या क्षणी मी कळ देणे थांबवले होते. मुद्दाम नव्हे, अंगातले बळच गेले.

दुसऱ्या वेळी नियमाप्रमाणे माझ्या आईला आत थांबू दिले. सिस्टरनी तिला माझ्या डोक्याशी उभे केले आणि कपाळावर ओला रुमाल ठेवायला सांगितले. बाळ झाल्यावर त्यांनी ते माझ्यासमोर धरले आणि विचारले, ‘‘काय झाले, तुम्हीच बघून सांगा.’’ मी ‘‘मुलगी’’ म्हणाले. मग माझ्या आणि तिच्या मनगटावर एकाच क्रमांकाची पट्टी बांधली आणि तिला तशीच उघडी माझ्या छातीवर ठेवून वरून दुपटे पांघरले. ही माझी दुसरी मुलगी. बाहेर काय चेहरे होतील हे मला ठाऊक होते. सिस्टर स्वतः दारात गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘‘मुलगी झाली, तीन किलोची आहे, पेढे आणा.’’ कुणाला तोंड पाडायला त्यांनी जागाच ठेवली नाही. अबोली, तुमच्या हातात हेही असते.

यॉर्कशायरहून यांचे उत्तर

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. महाराष्ट्रात सात वर्षे नोकरी केली आणि आता इंग्लंडमध्ये मिडवाइफ, म्हणजे प्रसाविका, आहे. इथे परिचारिका आणि मिडवाइफ ही दोन वेगळी नोंदणीपत्रे आहेत. नुसत्या परिचारिकेच्या नोंदणीवर बाळंतपण करता येत नाही, म्हणून मला हा व्यवसाय पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला. त्या शिकण्यात मला माझ्या जुन्या सवयींची कारणे कळली, ती अबोलीच्या प्रश्नाला धरून सांगते.

बाई जोर लावत नाही असे आपल्याला वाटते तेव्हा पुष्कळदा तिची वेळच झालेली नसते. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडलेले असले तरी बाळाचे डोके खाली सरकून तिला स्वतःला दाब येईपर्यंत काही काळ जातो. बाळाचे ठोके चांगले असतील तर तो काळ तिला द्यायचा असतो. आपण आठ-नऊ सेंटिमीटरपासूनच ‘लाव जोर’ म्हणून ओरडू लागलो तर तोंडाला सूज येते, ती दमते, आणि खऱ्या वेळी तिच्यात काही उरत नाही. दुसरे म्हणजे, आपण तिला पाठीवर उताणी झोपवून पाय वर बांधतो. या स्थितीत ती चढावर ढकलत असते, आणि गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून बाळाकडे जाणारे रक्तही कमी होऊ शकते. कुशीवर, गुडघ्यांवर, उकिडवी किंवा निदान पाठीशी उशा घेऊन अर्धवट बसती केली की तीच बाई, जिला आपण हट्टी म्हणत होतो, दोन-तीन कळांत डोके खाली आणते. मांडीवर चापट बसली की माणूस मांड्या आवळतो आणि कंबर उचलून मागे सरकतो. याचा अर्थ ज्या वाटेने बाळ यायचे तीच वाट आपण मारून बंद करत असतो. पोटावर कोपराने दाब देण्याचेही तसेच आहे. माझ्या पहिल्या नोकरीत मी तो दिला आहे आणि आज त्याचा मला पश्चात्ताप होतो, कारण त्याने आईला इजा होऊ शकते आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला त्याच्या स्पष्ट विरुद्ध आहे.

मग करायचे काय? आवाज खाली आण. ओरडणाऱ्या बाईला हळू बोललेले ऐकू येत नाही असे वाटते, पण प्रत्यक्षात ती हळू आवाज शोधत असते. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर वाक, एकच जण बोलू दे, आणि एका वेळी एकच गोष्ट सांग. कळ नसताना तिला काहीही करायला सांगू नकोस. पाणी दे. लघवी झाली आहे का विचार. डोके दिसू लागले की उलट जोर थांबवायला सांगून तोंडाने फुंकर मारल्यासारखे श्वास घ्यायला लाव आणि डोके हळूहळू येऊ दे, म्हणजे फाटणे कमी होते आणि सरसकट कात्री चालवावी लागत नाही.

इथे एक गोष्ट चांगली आहे, ती तुम्हालाही जमेल. बाळाच्या ठोक्यांचा आलेख चालू असताना त्या बाईची नसलेली दुसरी मिडवाइफ ठरावीक वेळाने येऊन तो पाहते आणि सही करते. एकाच माणसाचे डोळे तासन् तास तेच पाहून सरावतात, घसरण हळूहळू झाली की ती त्याला घसरण वाटत नाही. तुमच्याकडे आलेख नसेल तर डॉप्लर या ठोके ऐकण्याच्या छोट्या यंत्रावर का होईना, दोन सिस्टरनी तासातून एकदा एकमेकींच्या बाईचे ठोके ऐकावेत. इथे एका बाईमागे एक मिडवाइफ असा प्रयत्न असतो, आणि ती सोय नसताना तुम्ही जे करता त्याची मला पूर्ण जाणीव आहे. भारतातही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे स्वतंत्र मिडवाइफरी प्रशिक्षण आले आहे. दोन-तीन वर्षे काम केल्यावर ते मिळत असेल तर सोडू नकोस.

जुनी परिसेविका यांचे आणखी एक उत्तर

ज्येष्ठ सिस्टरबद्दल तू विचारलेस, ते राहिले होते. तिला सगळ्यांसमोर शिकवायला जाऊ नकोस, ती ऐकणार नाही आणि रागही त्या बाईवरच निघेल. तू पुढे होऊन म्हण, ‘‘ताई, तुम्ही खालचे पाहा, मी हिच्या डोक्याशी थांबते.’’ बहुतेक वेळा तेवढ्याने आवाज खाली येतो, कारण ओरडणारी सिस्टर स्वतः घाबरलेली आणि दमलेली असते. मी हे माझ्याच अनुभवाने सांगते, मीही ओरडले आहे. हात उगारला गेला तर मात्र मध्ये उभी राहा, आणि त्याच दिवशी परिसेविकेला एकांतात सांग. तिने ऐकले नाही तर तिच्या वरच्या अधिसेविकेकडे लेखी दे. प्रसूती कक्षांचा दर्जा सुधारण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या शासकीय कार्यक्रमात सन्मानाने वागवण्याचेही गुण आहेत आणि सोबतीच्या माणसाला आत घेण्याचेही, त्यामुळे तुझ्या म्हणण्यामागे शासनाचा कागद आहे. विद्यार्थिनींसमोर मी त्या बाईची बाजू घेतली नाही असे प्रसंग मला आठवतात, आणि तू तेव्हा गप्प राहिलीस त्याचा दोष मी तुला देणार नाही.

पहिल्या दिवशी पाळीच्या वीस मिनिटे आधी जा. बाळाचा वॉर्मर सुरू करून ताटली गरम होते का हे हाताने पाहा. बॅग आणि मास्क तळहातावर घट्ट दाबून पिळून पाहा, तळहाताला दाब जाणवला पाहिजे आणि झडप हलली पाहिजे. मास्क दोन मापांचे असावेत, दिवस भरलेल्यासाठी १ आणि कमी दिवसांच्या बाळासाठी ०. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचा श्वास पहिल्या मिनिटात सुरू करायचा असतो आणि ते मिनिट मास्क शोधण्यात जाता कामा नये. फ्रिज उघडून ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवले आहे का पाहा. खिडकीतल्या ट्रेमध्ये उन्हात पडलेल्या ॲम्प्यूलवर विसंबू नकोस. ऑक्सिजनचा सिलिंडर किती भरला आहे, मॅग्नेशियमचा आणि रक्तस्रावाचा ट्रे कुठे असतो, रात्री रक्तपेढीचा आणि १०८ चा फोन कोण लावते, हे विचारून वहीत लिही. चष्मा, ॲप्रन आणि गमबूट घातल्याशिवाय टेबलापाशी जाऊ नकोस, पाणमोटेच्या पाण्याचा शिंतोडा डोळ्यात गेला किंवा सुई टोचली तर लाजून लपवू नकोस, धुऊन लगेच कळव, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे दोन तासांत सुरू झालेली उत्तम आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही.

मग ओव्हर घेताना प्रत्येक बाईच्या खाटेपाशी उभी राहून घे, तिचे नाव विचार आणि आपले सांग. माझ्या वेळी आम्ही ‘तीन नंबर’, ‘पाच नंबर’ म्हणत असू.

अबोली यांचे उत्तर

सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. सध्याच्या विभागातील सुट्टीचे चार दिवस शिल्लक आहेत. रुजू होण्याआधी त्यातले दोन दिवस त्या रुग्णालयात जाऊन, परिसेविकांची परवानगी मिळाली तर, नुसते ठोके ऐकण्याचा सराव करावा असे ठरवते आहे. सेकंदकाट्याचे घड्याळ आजच आणले.